घरातल्या बंदुकीबद्दल बोला: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी, मराठी शाळांचे संयोजक आणि सर्व पालक,

स. न. वि. वि.

गेल्या खंडेनवमीला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पाटावर लाल वस्त्र, त्यावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, पान्यांचा संच आणि मधोमध काळं पिस्तूल. पिस्तुलावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. पाटाच्या कडेला पाच-सहा वर्षांचं पोर हात जोडून बसलेलं. तासाभरात फोटोखाली नमस्कारांची रांग लागली. पूजा झाल्यावर ते पिस्तूल कुठे जाणार, हे कुणीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. हे पत्र त्या न विचारण्याबद्दल आहे.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला ओकलंड काउंटीत गेली चोवीस वर्षं राहते. रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. बंदूक ठेवावी की ठेवू नये, हा वाद घालायला मी बसलेले नाही. त्यावर आपल्यात टोकाची मतं आहेत आणि ती एका पत्राने बदलणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की बंदूक आता आपल्या घरांत आली आहे आणि मंडळांनी तिच्याबद्दल उघड बोलायला हवं. गणेशोत्सवाच्या पार्किंगबद्दल बोलतो, जेवणातल्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल बोलतो, तितक्या सरळपणे.

ती का आली हे मला कळतं. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या देवळात लोक दाराकडे तोंड करून बसायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ इथे, दिवसाचं काम संपवून मित्राबरोबर बसलेल्या एका भारतीय इंजिनिअरला गोळ्या घातल्या गेल्या. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक आहे. आशियाई कुटुंबांची घरं हेरून वेगवेगळ्या राज्यांत दरोडे घालणाऱ्या एका टोळीवर इथे मिशिगनच्याच संघीय न्यायालयात खटला चालला. मग २०२० आलं. त्या एका वर्षात बंदूक-खरेदी आणि बंदुकीच्या परवान्यांसाठीच्या पार्श्वभूमी तपासणीच्या ३ कोटी ९० लाखांहून जास्त विनंत्या एफबीआयकडे गेल्या. तोवरचा तो उच्चांक होता. दुकानांबाहेरच्या रांगांत आपलीही माणसं उभी होती. बायको रात्रपाळीला रुग्णालयात, नवरा दौऱ्यावर, घरात म्हातारी आई आणि दोन मुलं. अशा घरातल्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही.

पण बंदूक आणताना आपण ती भीती तेवढी बघतो. बंदुकीबरोबर काय काय सांभाळायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

माझ्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. संगमेश्वराजवळच्या आमच्या गावात भात आणि नाचणी रानडुकरांपासून राखायची म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना. मुदत संपत आली की नूतनीकरणासाठी हेलपाटे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. कुणाच्या घरी बंदूक आहे हे सगळ्या वाडीला माहीत असायचं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बंदूक माजघरात उंच खुंटीला, काडतुसं देवघराच्या बाजूच्या लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली आजोबांच्या जानव्याला. आंघोळीलासुद्धा ती किल्ली अंगावरून उतरत नसे. आम्ही नातवंडं खुंटीखाली खेळायचो आणि त्या किल्लीला हात लावायची आमची प्राज्ञा नव्हती.

इथे तसं नाही. दुकानात जायचं, संघीय फॉर्म ४४७३ भरायचा, तपासणी पार पडली की पुष्कळ राज्यांत त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी. २००५ च्या संघीय कायद्याने परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसंच काही साधन द्यावं लागतं, ते मिळतं. पुढे ते कुलूप लावायचं की खोक्यात पडू द्यायचं, हे घराघरावर आणि राज्याराज्यावर अवलंबून.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२०१६ च्या हिवाळ्यात आम्ही मंडळातल्याच एका कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. नेहमीसारखं, मोठी माणसं खाली, मुलं वर. रात्री परतताना गाडीत माझा नऊ वर्षांचा मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "आई, त्याने मला त्याच्या बाबांची गन दाखवली. खरी आहे. सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये असते." मी विचारलं, हात लावलास? "मी नाही. त्याने लावला." नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं काही मिनिटं नुसते बसून राहिलो. काचेवर बर्फ पडत होता.

त्या रात्री मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काय म्हणायचं? त्यांच्याकडे पाचव्यांदा जेवलो होतो. वहिनींनी माझ्या बाळंतपणात डबे पोचवले होते. त्यांना वाटेल मी त्यांच्यावर आळ घेतेय. मग मी आपल्या बायका करतात तेच केलं: पुढच्या बोलावण्याला काहीतरी कारण सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही सांगितलं. माझं पोर मी वाचवलं. त्या घरात त्या मधल्या काळात जी जी मुलं वर खेळायला गेली, त्यांच्या आयांना मी काहीही सांगितलं नाही.

भीड हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. त्या काळातल्या माझ्या भिडेची मला अजूनही लाज वाटते.

३० नोव्हेंबर २०२१ ला आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. चौदा ते सतरा वयाची चार मुलं गेली, सात जण जखमी झाले. पिस्तूल चार दिवसांपूर्वी, ब्लॅक फ्रायडेला, त्याच्या वडिलांनी विकत आणलं होतं. त्याच सकाळी शाळेने मुलाच्या चित्रांवरून आईवडिलांना बोलावून घेतलं होतं. ते आले, बोलले आणि मुलाला वर्गात ठेवून परत गेले. घरात पिस्तूल आहे याचा उल्लेख त्यांनी केला नाही. खटल्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. घरात एक तिजोरी होती आणि तिचा आकडा कारखान्यातून आला तसाच, ०-०-०, ठेवलेला होता. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही मनुष्यवधाच्या आरोपात स्वतंत्र ज्यूरींनी दोषी ठरवलं. प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

ती बातमी आली तेव्हा माझा मुलगा चौदा वर्षांचा होता. शाळांमधून फोन येत होते, काही शाळा दुसऱ्या दिवशी बंद राहिल्या. संध्याकाळी मी त्या वहिनींना फोन केला. पाच वर्षं उशिरा. त्यांना ड्रॉवरचं माहीत होतं, मुलाला जागा माहीत आहे हे माहीत नव्हतं. त्या फोनवरच रडल्या. त्यांच्या नवऱ्याने त्याच आठवड्यात तिजोरी बसवली. काही महिने आमचं येणंजाणं थंड होतं, नंतर पूर्ववत झालं. ज्या भीतीपोटी मी पाच वर्षं गप्प होते, ती मैत्री तुटण्याची भीती एवढीच निघाली.

"आमच्या मुलांना जागा माहीत नाही" असं सांगणारे पालक मला शाळेत नेहमी भेटतात. ज्या मुलांना दिवाळीचे लाडू कुठल्या डब्यात, कुठल्या फडताळात आणि कुठल्या डब्याच्या मागे आहेत हे माहीत असतं, त्यांच्यापासून कपाटातली वस्तू लपली आहे असं धरून चालणं फार धोक्याचं आहे. आणि तिजोरी असली तरी आकडा काय असतो आपल्याकडे? मुलाची जन्मतारीख. ज्याच्यापासून लपवायचं त्याचीच जन्मतारीख.

ऑक्सफर्डनंतर आणि मग १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेल्यानंतर आमच्या राज्याने कायदा केला. विद्यापीठातल्या गोळीबाराला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १३ फेब्रुवारी २०२४ ला, तो लागू झाला. अठरा वर्षांखालचं मूल जिथे आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तिथे बंदूक नुसती सोडता येत नाही. ती कुलूपबंद पेटीत हवी, नाहीतर गोळ्या काढून, चाप दाबता येणार नाही असं कुलूप लावलेली हवी. मुलाच्या हाती बंदूक लागून कुणाचा जीव गेला तर ठेवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटमध्ये दोन वर्षांच्या एका मुलीला घरात उघड्यावर असलेल्या पिस्तुलाची गोळी लागली. ती वाचली. या कायद्याखालचा पहिला आरोप तिथे ठेवला गेला.

"असण्याची शक्यता आहे" हे शब्द मंडळींनी नीट वाचावेत. तुम्हाला मुलंबाळं नसतील, पण तुमच्याकडे कोजागिरीला पंधरा कुटुंबं येत असतील, तर तुमच्या घरात मुलं असणार हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता इथून दक्षिणेला तासाभरात ओहायो लागतं. तिथे जून २०२२ पासून परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता येतं आणि मुलांपासून बंदूक कुलपात ठेवायला लावणारा राज्यभराचा कायदा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये याच्या बरोबर उलट: घरात मूल असो नसो, मालकाच्या हाताखाली नसलेली बंदूक कुलपातच हवी. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. पण सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तिथेही गुन्हा आहे. न्यू जर्सीत तीच वयाची रेघ सोळावर आहे. तिथे प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा खरेदी परवाना लागतो आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बाळगणंही गुन्हा आहे. इलिनॉयमध्ये बंदूकच काय, नुसती काडतुसं घरात ठेवायलाही राज्याचं ओळखपत्र लागतं.

आपली माणसं राज्यं किती सहज बदलतात! टेक्ससमधल्या डॅलसची नोकरी सुटते, न्यू जर्सीतल्या एडिसनला मिळते, ट्रकमध्ये सामान भरलं जातं आणि डॅलसमध्ये कायदेशीर असलेली वस्तू न्यू जर्सीच्या सीमेवरची डेलावेअर नदी ओलांडताच गुन्हा होते. नव्या गावातल्या शाळांचे गुण आपण महिनाभर धुंडाळतो. त्या राज्यातला हा कायदा अर्धा तास बसून वाचणारं कुटुंब मला अजून भेटलेलं नाही.

प्रवासाचंही तसंच. आपल्या मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन न्यू जर्सीत अटलांटिक सिटीला झालं, शेकडो कुटुंबं गाडीने गेली. त्याच अटलांटिक काउंटीत २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाची एक तरुण आई पकडली गेली होती. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना होता आणि पोलिसांनी गाडी थांबवल्यावर गाडीत पिस्तूल आहे हे तिने आपणहून सांगितलं. न्यू जर्सीत तो परवाना चालत नाही. तिच्यावर किमान काही वर्षं तुरुंगवासाची टांगती तलवार होती. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा ती पूर्ण सुटली. १९८६ चा संघीय कायदा दुसऱ्या राज्यातून बंदूक नेण्याची मुभा देतो खरा. पण निघालो ते आणि पोचणार ते अशा दोन्ही ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर असेल तरच. शिवाय बंदूक रिकामी हवी, ती आणि गोळ्या दोन्ही हात पोचणार नाही अशा जागी हव्यात आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. समोरचा कप्पा चालत नाही.

आणि भारतात जाताना बॅगेचा प्रत्येक खण उलटा करून बघा. शूटिंग रेंजवर नेलेल्या बॅगेच्या अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या किंवा पुण्याच्या विमानतळावर सापडलं, की शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. भाच्याच्या लग्नाला निघालेला माणूस वकील शोधत बसतो.

यानंतर जे लिहिते आहे ते मंडळाच्या प्रत्येक सदस्यापर्यंत पोचावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. नोकरीचा एच-१बी, त्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, आपल्या आईवडिलांचा पर्यटक व्हिसा, सगळे यात येतात. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे थोडेच अपवाद आहेत. या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. बाबा भारतातून आले, त्यांना गंमत म्हणून शूटिंग रेंजवर नेलं, हातात पिस्तूल देऊन फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. असे फोटो मी दर उन्हाळ्यात बघते. त्या बाबांनी काय केलं आहे याची त्यांना कल्पनाही नसते. घरात एक नागरिक, एक एच-४, तळघरात राहणारा एफ-१ वरचा भाचा, अशी मिश्र कुटुंबं आपल्यात असंख्य आहेत. बंदूक नागरिकाच्या नावावर असली, तरी तिजोरीची किल्ली किंवा आकडा भाच्याकडे असेल तर बंदूक त्याच्याही ताब्यात होती असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. हातात धरली नव्हती हे सांगून सुटका होईलच असं नाही.

ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. पण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. वीस वर्षं इथे काढलेल्या माणसाचं सगळं एका चुकीच्या राज्यातल्या एका रात्रीने उलटं होऊ शकतं. मी वकील नाही. मंडळात वकील आहेत, त्यांना बोलवा.

देवळांबद्दल थोडं. मिशिगनमध्ये लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना असला तरी प्रार्थनास्थळात ते नेता येत नाही. तिथल्या प्रमुखाने परवानगी दिली असेल तरच. टेक्ससमध्ये उलट आहे: देवस्थानाने मनाई केली नसेल तर नेता येतं. पाटी लावून मनाई करायची तर ती कायद्याने ठरवून दिलेल्या मजकुराची लागते, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांच्या पाट्या दुकानांच्या दारावर तुम्ही पाहिल्या असतील. "कृपया शस्त्रे आणू नयेत" असं कागदावर लिहून दाराला चिकटवलं तर तेवढ्याने भागत नाही. आपल्या देवळात काय ठरलं आहे, हे तुमच्यापैकी किती विश्वस्तांना सांगता येईल? आणि शाळेचं सभागृह गणपतीसाठी भाड्याने घेतलं, तरी शाळांसाठीचे शस्त्रबंदीचे कडक कायदे तिथे त्या दिवशीही लागू असतात.

एक विषय राहिला. तो लिहिताना हात जड होतो.

२०२३ मध्ये या देशात बंदुकीने ४६,७२८ जीव गेले. त्यातले २७,३०० आत्महत्यांचे होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त. दरोडेखोर, दंगेखोर, शाळेत शिरलेला माणूस, ज्यांच्या भीतीने आपण बंदूक आणतो, त्या सगळ्यांहून मोठा आकडा घरातल्याच माणसाच्या एका वाईट रात्रीचा आहे. अशी रात्र पुष्कळांच्या आयुष्यात येते आणि पुष्कळदा निघूनही जाते. मध्ये वेळ गेला, अडथळा आला, कुणी दार वाजवलं, तर माणूस वाचतो आणि पुढे वर्षानुवर्षं जगतो. बंदूक हाताशी असली तर तो वेळच मिळत नाही. बंदुकीने केलेले असे प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जिवावर बेततात. कुलूप म्हणजे तो मधला वेळ.

आपल्या घरांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं काय ओझं वाहतात, हे मी शाळेत बघते. एपीचे कॉलेज-पातळीचे वर्ग, सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण, शेजारच्या मुलाला मिळालेला प्रवेश. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायची टांगणी असलेले बाप बघते. लेकाकडे येऊन सहा-सहा महिने एका खोलीत बसलेले सासरे बघते. यातलं कुणीही "मला बरं वाटत नाही" असं मंडळाच्या ग्रुपवर लिहिणार नाही. त्या घरातली बंदूक काही दिवस बाहेर, विश्वासाच्या आणि कायदेशीर ठिकाणी ठेवता येते का, हे त्या वेळी विचारावं लागतं. कुठे ठेवता येईल हे राज्यानुसार बदलतं. स्थानिक पोलीस किंवा बंदुकीचं दुकान सांगू शकतं. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत असलेल्यांसाठीचा मदतीचा क्रमांक जुलै २०२२ पासून देशभर चालतो, फोन करा किंवा मेसेज पाठवा. तो मंडळाच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापा. जागा थोडी लागेल.

बंदूक बाळगणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो मला तोंडावर विचारला गेला आहे: चोर दारात आला, तर मी कुलूप उघडत बसू का? प्रश्न रास्त आहे. बोटाच्या ठशाने किंवा चार आकड्यांनी काही सेकंदांत उघडणाऱ्या लहान तिजोऱ्या पलंगाशेजारी बसवता येतात. मिशिगनच्या कायद्यात कुलूपबंद पेटीत भरलेलं पिस्तूल चालतं. ते तुमच्या अंगावर असेल तर पेटीचा प्रश्नच येत नाही. कायदा तुमचं संरक्षण काढून घेत नाही, तुमच्या मुलाच्या हातातून ते काढून घेतो. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकादमी याहून पुढे जाऊन सांगते की बंदूक रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. माझ्या आजोबांची बंदूक खुंटीला असायची, पण काडतुसांच्या बाबतीत त्यांनी हेच केलं होतं. तिजोरी परवडत नसेल तर केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवायचं तारेचं कुलूप आहे. बंदूक-उद्योगाच्याच संघटनेच्या प्रोजेक्ट चाइल्डसेफमधून ते बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं.

मंडळांकडून मला फार मोठं काही नको. सदस्यत्वाच्या फॉर्मवर कुणाकडे बंदूक आहे हे विचारू नका, ती माहिती गोळा करणं तुमचं काम नाही आणि लोक पळतील. पण वर्षातून एकदा, हळदीकुंकवाच्या किंवा कोजागिरीच्या कार्यक्रमात अर्धा तास द्या. एक स्थानिक पोलीस अधिकारी, एक बालरोगतज्ज्ञ आणि एक इमिग्रेशन वकील, तिघांना बोलवा. आपल्या राज्याचा कायदा मराठीत एका पानावर लिहून काढा, दर वर्षी तपासून बघा, कारण तो बदलतो. मराठी शाळेच्या नावनोंदणीच्या वेळी ते पान पालकांच्या हाती द्या. पुढच्या अधिवेशनात तरुणांच्या सत्रांमध्ये याला एक तास मिळावा. त्या मुलांकडून आपल्याला जे ऐकायला मिळेल त्याची आपण तयारी ठेवावी.

आणि मुलं खेळायला पाठवण्याआधी एक प्रश्न विचारायची रीत पाडा. अमेरिकेत यासाठी २१ जूनला दर वर्षी मोहीम चालते, बालरोगतज्ज्ञ तिला पाठिंबा देतात. आपल्याला वेगळा दिवस नको, सवय हवी. "घरी कुत्रा आहे का, स्विमिंग पूल आहे का, बंदूक असली तर कुलपात आहे ना?" एका दमात. ज्याला विचारलं त्याने राग मानू नये, आणि विचारणारीने माफी मागत विचारू नये. आधी स्वतःच्या घराचं सांगून टाकलं की समोरच्याला सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

खंडेनवमीचा तो फोटो टाकणाऱ्या गृहस्थांना मी हे पत्र पाठवण्याआधी फोन केला. या वेळी पाच वर्षं थांबले नाही. पूजेनंतर पिस्तूल कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं, साड्यांच्या मागे. ते म्हणाले, "ताई, कुणी विचारलंच नाही हो कधी." शनिवारी त्यांच्याबरोबर तिजोरी घ्यायला मी जाणार आहे. आकडा त्यांनी मला सांगायचा नाही आणि मुलाची जन्मतारीख ठेवायची नाही, एवढं ठरलं आहे.

रविवारी शाळेची पालकसभा आहे. तुमच्यापैकी कुणाला राज्याच्या कायद्याचं पान लिहायला मदत हवी असेल तर आमच्या राज्याचं मी लिहून ठेवलं आहे, ते घ्या आणि तुमच्या राज्याप्रमाणे बदला.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठी शाळेतली एक शिक्षिका
ओकलंड काउंटी, मिशिगन